बियाण्याबद्दल गाव काय म्हणालं

गावात नवं काही आलं की त्याच्यावर पहिला शेरा पारावर बसतो. मग तो पिठाच्या गिरणीवर जातो, तिथून बायकांबरोबर रानात जातो आणि दिवस मावळेपर्यंत त्याचं गावाचं मत होतं. मी दहावीपर्यंत शिकलो. पुढचं शिक्षण असल्या बोलण्यातूनच झालं म्हणलं तरी चालेल. रेडिओ, विजेची मोटर, युरिया, बोअर, मोबाइल, सगळ्यांवर गाव बोललं. पण सगळ्यांत तळमळीनं कशावर बोललं असेल तर ते बियाण्यावर. साठ वर्षांत हायब्रीड ज्वारी आली, संकरित कापूस आला, बीटी आलं, चोरबीटी आलं आणि आता जनुक संपादन केलेल्या वाणांच्या बातम्या येतात. दर वेळी गावाला अडाणी म्हणणारे भेटले. गाव पुष्कळदा भलतंच बोललं, हे खरं. पण त्या भलत्या बोलण्यातही एक प्रश्न बरोबर होता आणि त्याचं सरळ उत्तर फार कमी वेळा मिळालं. तो सगळा इतिहास क्रमानं लिहून ठेवावा म्हणून हा लेख.

आमचा परभणी जिल्हा. काळी रानं, पावसाच्या भरवशावरची. मी लहान होतो तेव्हा आमच्याकडं ज्वारी आणि कापूस हीच दोन मोठी पिकं. ज्वारीचं बी घरचं असायचं. मळणीच्या आधी आजी कणसांच्या ढिगापाशी बसायची. भरलेली, घट्ट दाण्याची कणसं निवडून बाजूला काढायची. दाणे वाळवून, राख लावून मडक्यात भरायची आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायची. मिरगाला ते मडकं उघडायचं. कुणाचं बी सरलं तर शेजारचं घर द्यायचं आणि सुगीला सवाईनं परत घ्यायचं. बियाण्याला दुकान असतं, हेच ठाऊक नव्हतं.

१९६४ साली ज्वारीचं सीएसएच-१ हे संकरित वाण देशात लागवडीसाठी आलं. त्याच साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणं कंपनी काढली आणि पुढं जालना हे गावच बियाण्याचं गाव झालं. हायब्रीड आमच्या शिवारात पोचायला आणखी काही वर्षं गेली. ग्रामसेवक पिशवी घेऊन घरोघर हिंडायचे. आमच्या ओसरीवर आले तेव्हा आजीनं पहिलाच प्रश्न केला, "भाऊसाहेब, ह्याचं बी धरता येतं का?"

"नाही आजी. दरसाल नवं घ्यायचं."

"मग हे बी कशाचं? हा तर नुसता दाणा झाला."

ग्रामसेवक हसले. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दोन वेगळ्या वाणांचे आई-बाप घेऊन त्यांचा संकर केला की पहिल्या पिढीला जोर येतो, पीक एकसारखं आणि भारी येतं. पण त्याच पिकाचे दाणे पुन्हा पेरले की पोरं आजा-पणज्यावर जातात. कुठं उंच ताट, कुठं बुटकं, कुठं कणीस भरलेलं, कुठं पोचट. म्हणून दरसाल नवं बी. हे इतकं साधं होतं, पण तेव्हा कुणी असं समजावून सांगितलं नाही. उतारा किती, खत किती आणि फवारा कधी, एवढंच सांगितलं.

गाव मग आपल्या परीनं बोललं. भाकरीला चव नाही. अंगात ताकद राहत नाही. जनावर कडबा हुंगून सोडतं. पुढं पुढं तर हायब्रीड ही शिवीच झाली. किरकोळ अंगाचं, चिडकं पोरगं दिसलं की म्हातारे म्हणायचे, "हायब्रीड खाल्लेलं दिसतंय." अजूनही आमच्याकडं तकलादू माणसाला हायब्रीड म्हणतात.

यातलं ताकदीचं बोलणं निराधार होतं. कडब्याचं मात्र खरं होतं. गावरान ज्वारी डोक्याच्या वर जायची, हायब्रीडचं ताट छातीला लागायचं. दाणा दुप्पट झाला तरी वैरण निम्म्यावर आली आणि बैल तर दावणीला तेवढेच होते. दुसरं असं की गावरान वाण पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडाला पिकायचं. हायब्रीड शंभर-एक दिवसांत यायचं, म्हणजे ऐन पावसात. कणसावर बुरशी चढून दाणा काळा पडायचा. काळ्या दाण्याला बाजारात भाव नाही आणि भाकरीला रंग नाही. शेतकरी "चव नाही" म्हणत होता, त्यात हा काळा दाणाही होता. पुढं विद्यापीठांनी जास्त कडब्याची, बुरशीला टिकणारी वाणं काढायला घेतली. म्हणजे पारावरची तक्रार शेवटी शास्त्रज्ञांनी ऐकली, फक्त वेळ लागला.

१९७२ च्या दुष्काळानं हा वाद मिटवला. त्या साली पोटाला काय मिळतंय एवढाच प्रश्न उरला. रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी आली. खडी फोडायच्या कामावर माणसं गेली, तिथं सुकडी मिळायची. मिलोच्या लाल भाकरीपुढं हायब्रीडची भाकरी पंक्वान्न वाटायला लागली. दुष्काळ सरल्यावर ज्यांनी हायब्रीडला नावं ठेवली होती त्यांनीच पिशव्यांसाठी रांगा लावल्या. आमच्या आबांनीही लावली. आबांचं म्हणणं साधं होतं, "घरात खाणारी तोंडं अकरा. चव बघत बसायची का?" आजीनं विरोध केला नाही. पण दोन सऱ्या गावरान ज्वारीच्या तिनं बांधाकडंला ठेवायला लावल्या, हुरड्याला आणि बियाला.

कापसाची गोष्टही तशीच, फक्त जास्त महागाची. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला जवळजवळ सगळा कापूस देशी होता. आमच्याकडं त्याला गावरानी म्हणत. धागा आखूड, पण झाड काटक. १९७० साली गुजरातेत सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ काढला. व्यापारी लागवडीला आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. त्याचं बी तयार करायला एकेका फुलातले पुंकेसर दुपारनंतर हातानं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे परागकण लावायचे. लाखो फुलांना हे काम. आपल्याकडं मजुरी स्वस्त, म्हणून हे जमलं. पुढं ऐंशीच्या दशकात नांदेडच्या संशोधन केंद्राचा नांदेड-४४ आला आणि आमच्या भागानं तो डोक्यावर घेतला. बोंड टपोरं, कापूस पांढराशुभ्र. गाव म्हणालं, हे बी आपल्या मातीतलं आहे.

पण या संकरित झाडांना खत हवं, पाणी हवं आणि औषध हवं. गावरानी कापसाला आम्ही क्वचितच काही फवारलं असेल. संकरित कापूस आला आणि त्याच्यामागं हिरवी बोंडअळी आली. आधी दोन फवारे, मग पाच, मग दहा. नव्वदीच्या दशकात औषधाचा वास अंगाला लागलेला जायचा नाही. अळी औषधात पोहायची तरी मरायची नाही. कृषी सेवा केंद्राच्या वहीत उधारी चढत गेली. त्या वर्षांत पारावर बियाण्याबद्दल मत असं नव्हतंच. मत होतं ते उधारीबद्दल.

अशा वेळी बीटी आलं. २००१ साली गुजरातेत परवानगी नसलेलं बीटी बियाणं हजारो एकरांवर लावलेलं सापडलं होतं. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीनं बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. जमिनीत राहणाऱ्या एका जिवाणूमधलं जनुक कापसात घातलेलं, त्यामुळं झाडातच एक प्रथिन तयार होतं. अळीनं पान खाल्लं की ते तिच्या आतड्यात बाधतं आणि अळी मरते. माणसाच्या पोटात ते तसं काम करत नाही.

गावात मात्र दोन तट पडले. जुने म्हणाले, ज्या झाडाला अळी खात नाही ते झाड चांगलं कसं? धनगर म्हणाले, वेचणी झाली की आमच्या मेंढ्या ह्याच पळाट्यांत बसायच्या, त्यांचं काय? २००६ साली वरंगळकडं बीटीच्या रानात चरून मेंढ्या मेल्याची बातमी आली. सरकारी समितीनं बीटीला दोष दिला नाही. ते बरोबरच असेल, पण आमच्या धनगरांना ते सांगायला कुणी आलं नाही. त्यांनी एक-दोन मेंढ्या आधी चारून बघितल्या, मग कळप सोडला. याला अडाणीपणा म्हणायचं का प्रयोग, ते वाचकांनीच ठरवावं.

तरुणांचं मत वेगळं होतं. एका पोरानं पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, "मागल्या साली बारा फवारे मारले, औंदा तीन. आता बोला." त्यावर बोलायला काही राहिलं नाही. आठ-दहा वर्षांत शिवारातला जवळजवळ सगळा कापूस बीटी झाला. देशात २००२-०३ साली १३६ लाख गाठी कापूस झाला होता, तो २०१३-१४ साली ३९८ लाखांच्या आसपास गेला. हे एकट्या बीटीचं श्रेय नाही. गुजरातेतलं वाढलेलं पाणी, नवी औषधं, खतं, हेही त्यात आहे. पण हिरव्या बोंडअळीपासून सुटका झाली हे कुणीही कापूसवाला नाकारणार नाही.

आजीचा प्रश्न मात्र तसाच राहिला, फक्त त्याची किंमत वाढली. सुरुवातीला ४५० ग्रॅमची बॅग सोळाशेच्या पुढं गेली होती. २००६ साली आंध्र सरकारनं दाद मागितली, तेव्हा ती साडेसातशेवर आली. पुढं केंद्रानंच किंमत ठरवायला सुरुवात केली. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा आणि बिगरब्रँड विकायचाही हक्क दिलेला आहे. कायदा चांगला आहे. पण बी संकरित असलं तर तो हक्क घेऊन करायचं काय? अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी जनुक सरळ वाणांत घातलं. तिथल्या शेतकऱ्यालाही कंपनीच्या करारामुळं बी ठेवता येत नाही, पण ती आडकाठी कागदाची आहे. आपल्याकडं ती बियाण्यातच आहे.

बॅगेबरोबर १२० ग्रॅमचं एक लहान पाकीट यायचं. बिगर बीटीचं. ते रानाच्या कडेनं लावायचं, म्हणजे काही अळ्या विषाला न सरावलेल्या राहतात आणि अळीची नवी पिढी एकदम घट्ट होत नाही. यात शास्त्र होतं. पण पाकिटावरचं बारीक अक्षर कुणी वाचलं? पाच एकरवाल्याला कडेच्या ओळी अळीला सोडून द्यायला सांगणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढणं. ते पाकीट पुष्कळ ठिकाणी उकिरड्यावर गेलं. शिवाय आपली संकरित वाणं लांब मुदतीची. त्यावर पुन्हा पाणी देऊन फरदड घेतली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत रानात बोंडं. गुलाबी बोंडअळीला बारमाही खानावळ मिळाली. २०१० साली गुजरातेत ती बीटीला दाद देत नसल्याचं खुद्द कंपनीनं सांगितलं. २०१७ साली ती आमच्या बोंडांत होती.

ते साल विसरता येत नाही. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडकी कवडी. डोमकळ्या दिसत होत्या, पण डोमकळी म्हणजे काय हे तोवर निम्म्या गावाला माहीत नव्हतं. माणसं घाबरून फवारायला लागली. त्याच मोसमात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. कापूस माणसाच्या उंचीच्या वर, हवा दमट, तोंडाला रुमालसुद्धा नाही. आमच्या शेजारचा एक पोरगा पंप पाठीवर घेऊन दिवसभर फवारत होता, रात्री त्याला दिसेना. तालुक्याला नेला, चार दिवसांनी उठून बसला. त्याची आई मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही लिहिता ना, मग हे लिहा. अळी मरायची सोय सरकीत होती म्हणले होते. मग माझं लेकरू कशानं मरायला टेकलं होतं?" म्हणून इथं लिहिलं.

त्याच गुलाबी अळीला अमेरिकेनं २०१८ साली आपल्या कापसातून संपूर्ण हटवल्याचं जाहीर केलं. बीटी त्यांनीही वापरलं. पण त्याबरोबर नर-मादी भेटू नयेत म्हणून कामगंध वापरला, वांझ केलेले पतंग सोडले आणि सगळ्या भागानं मिळून वर्षानुवर्षं ते केलं. आपल्याकडं विज्ञान बॅगेतून आलं आणि बॅगेपाशीच थांबलं.

गावाला विचारून काही ठरतच नाही असं मात्र नाही. बीटी वांग्याच्या वेळी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशभर जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी वांगं थांबवलं. ते बरोबर का चूक यावर आमच्यात आजही भांडण होतं. पण एक म्हातारा तेव्हा पारावर जे बोलला ते माझ्या लक्षात आहे. "वांगं खायचं म्हणून एवढी चौकशी. सरकीचं तेल काय आपण दिव्याला वापरतो? पेंड काय जनावर बघत बसतं?" कापसाच्या वेळी हे कुणी आम्हाला विचारलं नव्हतं.

नंतर आलं चोरबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी कापूस जळत नाही असं बियाणं. त्याला परवानगी नाही. १९८६ च्या पर्यावरण कायद्यानं तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होता. तरी १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघड पेरलं. शरद जोशींनी शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हवं असं आधीपासून मांडलं होतं, त्याचंच ते पुढचं पाऊल.

यावर आमच्या घरातच दोन मतं निघाली. आमच्या मंडळी म्हणाल्या, "ज्यांना तणनाशक नको आहे त्यांनी एकदा आषाढात दिवसभर वाकून खुरपावं, मग बोलावं." आमच्याकडं रोजानं येणारी बाई तिथंच होती. ती म्हणाली, "काकू, तणाला औषध मारल्यावर आम्ही काय खावं?" दोघींचंही खोटं नव्हतं. टीव्हीवरच्या चर्चेत या दोघींपैकी एकही नसते. आणि चोरबीटीची तिसरी बाजू अशी की त्याला पावती नसते. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडं करणार? पोलिसाकडं जायचं तर तुम्हीच आरोपी.

आता जनुक संपादन आलं आहे. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं भाताची दोन अशी वाणं जाहीर केली, कमला आणि पुसा डीएसटी राइस-१. यात बाहेरच्या जिवाचं जनुक घालत नाहीत, रोपाच्या आतलंच एखादं जनुक नेमक्या जागी कापून बदलतात. कमला वीसेक दिवस आधी येतं आणि जास्त उतारा देतं, दुसरं खाऱ्या जमिनीत तग धरतं, असं सांगतात. आमच्याकडं भात नाही. तरी आमच्या पोरांच्या मोबाइलवर बातमी आली आणि बोलणं सुरू झालं. एक म्हणाला, "ही निसर्गात ढवळाढवळ आहे." दुसरा म्हणाला, "मग संकर म्हणजे काय होतं? आणि आजीनं कणसं निवडली तीही ढवळाढवळच की." मला दुसऱ्याचं पटलं. निवडणं आणि बदलणं शेती सुरू झाली तेव्हापासून चालू आहे. निसर्गाचं नाव घेऊन नवं अडवण्यात अर्थ नाही.

या भाताची एक गोष्ट मला बरी वाटली. ही सरळ वाणं आहेत, संकरित नाहीत. म्हणजे यांचं बी धरलं तर पुढच्या साली तसंच उगवतं. पण कापायची जी कात्री आहे, तिचे हक्क परदेशातल्या संस्था-कंपन्यांच्या नावावर आहेत, म्हणून शेतकरी संघटनांनी विचारलं की उद्या या बियाण्यावर कुणाचा हक्क निघणार? साठ वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर विचारलेला प्रश्नच वकिलाच्या भाषेत पुन्हा आला.

मी आजही हायब्रीडची भाकरी खातो, बीटी लावतो, मोबाइलवर हवामान बघतो. आमच्यासारख्या माणसाला विज्ञानाचा विरोधक म्हणू नये. पण नवं आल्यावर नुसता उताऱ्याचा आकडा सांगून भागत नाही. बुडालं तर कोण भरून देणार, जनावराला चालेल का, रोजानं जाणाऱ्या बाईचं काय आणि बी धरता येईल का, एवढं तरी आधी सांगावं. बॅगेवर आज उगवणशक्ती छापतात, वजन छापतात, मुदत आणि किंमत छापतात. तिथंच आणखी एक ओळ मोठ्या अक्षरात, मराठीत छापायला काय हरकत आहे? ह्याचं बी धरता येतं, किंवा येत नाही. एवढीच.